पाठकोऱ्या कागदावरचा बोकड

बाबांना आयुष्यात फारसं काही नको होतं. बंगला नको, गाडी नको, बढती तर त्यांनी मागायचीच सोडून दिली होती. त्यांना फक्त सकाळी साडेसहापर्यंत झोप हवी होती. एवढ्याशा मागणीसाठी माणसाला देव, राक्षस आणि पाणीखातं या तिघांच्याही दारी जावं लागेल, असं त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर ते मुकाट्याने कुशीवर वळले असते.

पण वळून उपयोग नव्हता. त्या कुशीलाही मोटार होती.

इमारतीच्या पाण्याची मोटार खाली चौकात होती, पण तिचा आवाज बाबांच्या उशीत राहायला होता. पहाटे पाचला ती आधी खोकायची, मग कण्हायची, आणि मग कुणीतरी भांड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय असा चाळीस मिनिटं आवाज करायची. हे सहा वर्षं चाललं होतं. आई त्या आवाजात गाढ झोपायची. "मला तर त्यानेच झोप लागते," असं ती म्हणायची, आणि ते ऐकून बाबांना उरलेल्या दिवसात जी डुलकी लागायची शक्यता होती तीही जायची.

त्यातच भिंगरीच्या शाळेत प्रकल्प निघाला. भिंगरी म्हणजे बाबांची नववीतली कन्या. तिला बसवायचं तर दोन माणसं लागत. बाईंनी सांगितलं होतं, कुठल्यातरी दूरदेशीची पुराणकथा निवडा आणि ती आपल्या रोजच्या जगण्यात शोधा. बाकीच्या मुलींनी सोपे सोपे देव पळवले. भिंगरीने थेट उत्तरेकडचा बर्फाळ मुलूख गाठला. तिथल्या देवांची नावं उच्चारताना जबडा दुखतो, आणि म्हणूनच ती तिला आवडली.

एका पहाटे मोटार सुरू झाली तशी ती आईबाबांच्या खोलीत घुसली. "बाबा, ऐकलंत? थॉरची गाडी!"

"कोण?"

"गडगडाटाचा देव. त्याची गाडी आभाळातून निघाली की असाच आवाज होतो."

"त्याला म्हणावं, साडेसहानंतर निघ," बाबा म्हणाले आणि त्यांनी उशी डोक्यावर घेतली. पण उशीतच तर ती गाडी होती.

शेवटी बाबांनी निर्णय घेतला. मोटार पलीकडच्या भिंतीला हलवायची. आता बाबा स्वतः बावीस वर्षं एका सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे निर्णय घेतला म्हणजे अर्ज लिहिला, हे ओघाने आलंच. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरी फायलीची नाडी सोडत म्हणाले, "हे बघा, वैयक्तिकरीत्या मी तुमच्या बाजूने आहे. पण सेक्रेटरी म्हणून विरोधात आहे. पाणीखात्याची परवानगी आणा. त्यांना सगळ्यांच्या सह्या लागतात. मूळ सह्या, झेरॉक्स नाही. शुक्रवारी चारच्या आत."

बाबांनी अर्ज कोऱ्या कागदावर लिहिला. पण सह्यांच्या कागदासाठी त्यांनी ड्रॉवर उघडला आणि त्यातून एक पाठकोरा काढला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या ड्रॉवरातून निघालं. एका बाजूला लिहिलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा असलेला कागद बाबांनी आयुष्यात फेकला नव्हता. कचेरीत ते त्यासाठी प्रसिद्ध होते. लग्नात आलेल्या आहेराची यादीही त्यांनी पाठकोऱ्यावर केली होती, आणि तिच्या मागे कुणाच्यातरी रजेचा अर्ज होता. घरातला कुठलाही अर्धा कागद शेवटी त्या ड्रॉवरात येऊन पडे. आई वर्षातून चारदा म्हणायची, "जाळा ते एकदाचं." बाबा म्हणायचे, "कागदाची अजून एक बाजू शिल्लक आहे."

तर तो कागद घेऊन बाबा सह्यांना निघाले. मागच्या बाजूला काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. कारकून भरलेली बाजू पाहत नाही, मोकळी बघतो.

पहिला जिना, पहिली सही, सगळं सुरळीत. मग वर गेले. सगळ्यात वरच्या मजल्यावर निवृत्त इन्स्पेक्टर राहत. ते गॅलरीत उभे राहून दिवसभर खाली नजर ठेवत. ते म्हणाले, "मोटार कशाला हलवता? माणसाने हलावं. पायथ्याकडे डोकं करून झोपा."

"झोपलो. चार महिने."

"मग तिरके झोपा. सही करतो, पण आधी तळमजल्यावरच्या त्या दातवाल्याची आणा."

तळमजल्यावर डेंटिस्ट राहत आणि तिथेच दवाखाना चालवत. चार वर्षांपूर्वी इन्स्पेक्टरांच्या चादरीचं पाणी त्यांच्या पाटीवर ठिबकलं होतं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. डेंटिस्ट एका पेशंटच्या तोंडात हात असतानाच म्हणाले, "वरच्याने केली का? नाही? मग मीही नाही."

बाबा पुन्हा वर. पुन्हा खाली. बाबांचा गुडघा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर 'कट' असं म्हणे, जणू तोही हिशेब ठेवत होता. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या मजल्यावरच्या बातमीकाकूंनी त्यांना धरलं. इमारतीत कुठल्याही बोलण्याचा प्रवास बातमीकाकूंमार्फतच होई, आणि प्रवासात ते बोलणं बरंच खाऊनपिऊन गुटगुटीत होई.

"द्या हो तो कागद इकडे. तुमचा पाय बघवत नाही," असं म्हणून काकू सुसाट वर गेल्या. इन्स्पेक्टरांना म्हणाल्या, "तो खालचा म्हणतोय, तुमच्यात सही करायची हिंमत नाही." तशाच खाली गेल्या आणि डेंटिस्टना म्हणाल्या, "ते वरचे म्हणतायत, दातवाल्याला सही तरी येते का?" पाच मिनिटांत दोन्ही सह्या. त्यातली इन्स्पेक्टरांची तर इतकी जोरात की कागद फाटता फाटता राहिला.

पहिल्या मजल्यावरच्या तिघी जावा टाकीच्या कठड्याशी उभ्या राहून इमारतीत कुणाचं पुढे काय होणार ते ठरवत असत. त्यांनी बाबांकडे पाहून एकसुरात सांगितलं, "होणार नाही तुमचं काम." आणि सह्या केल्या. सेक्रेटरींनीही केली, वैयक्तिकरीत्या, आणि तिच्याखाली 'विचाराधीन' असं लिहिलं.

बारा बिऱ्हाडांच्या बारा सह्या झाल्या. जिन्याखालच्या खोलीत एक घड्याळजी राहत, घड्याळं दुरुस्त करत. त्यांना विचारायचं बाबांच्या मनातही आलं नाही. घड्याळजी इतके गप्प असत की माणसं त्यांच्या दाराला चपला टेकवून वर जात.

बुधवारी बाबा अर्धी रजा टाकून पाणीखात्यात गेले. कारकुनापुढे कारकून उभा राहिला की आरशापुढे उभं राहिल्यासारखं होतं, पण आरसा निदान आपलं काम करतो. खिडकीतल्या गृहस्थांनी चहा संपवला, बशी पुसली, चष्मा पुसला, आणि मग सह्या मोजल्या.

"तेरा गाळे आहेत. सह्या बारा."

"तेरावा म्हणजे ती जिन्याखालची खोली हो. कोनाडाच तो."

"कोनाडा असो नाहीतर राजवाडा. दप्तरी गाळा म्हणजे गाळा. बारा नोंदवून घेतो, तेरावी शुक्रवारी आणा. सोसायटीला मूळ कागद आणि त्याची प्रत पाठवतो."

शिक्का मारायला त्यांना सह्यांच्या बाजूला जागा सापडेना, कारण इन्स्पेक्टरांची सहीच अर्धं पान होती. त्यांनी कागद उलटला, मोकळा कोपरा पाहिला आणि 'आवक' असा शिक्का हाणला. बाबांनी तेव्हा पाहायला हवं होतं. पण बाबा खिडकीच्या कठड्याला टेकून उभ्या उभ्या झोपले होते. सहा वर्षांची झोप होती, कुठेतरी लागायचीच.

गुरुवारी संध्याकाळी बाबा घरी आले तर सूचनाफलकापुढे ही गर्दी. पाणीखात्याच्या शिपायाने शिक्क्याच्या बाजूची प्रत फलकावर चिकटवली होती. 'सोबतच्या यादीनुसार कार्यवाही करावी,' असं वर लिहून. आणि खाली, सरकारी शिक्क्यासकट, भिंगरीच्या गोल गोल अक्षरात:

'उत्तरेकडचं पुराण, आपल्या इमारतीत.'

"वाचा की मोठ्याने," मागून कुणीतरी म्हणालं. सेक्रेटरी वाचू लागले, कारण सूचना वाचणं हे त्यांचं काम होतं.

"विश्ववृक्षाच्या शेंड्यावरचा गरुड, इन्स्पेक्टरकाका. वृक्षाची मुळं रात्रंदिवस कुरतडणारा अजगर, डेंटिस्टकाका. शेंड्यावरच्या शिव्या मुळाशी आणि मुळाच्या शिव्या शेंड्याशी पोचवणारी खार..." सेक्रेटरी थांबले. सगळ्यांनी बातमीकाकूंकडे पाहिलं.

"मी कधी कुणाला काही पोचवलंय?" काकू म्हणाल्या. "आणि हे त्या तिसऱ्या मजल्यावरच्यांना माहीत आहे का?"

"सर्वांचं भविष्य विणणाऱ्या तीन बहिणी, पहिला मजला," सेक्रेटरींनी पुढे वाचलं. तिघी जावांनी समाधानाने माना हलवल्या. "आम्ही म्हटलंच होतं." मग सेक्रेटरी एकदम गप्प झाले, कारण पुढे लिहिलं होतं: 'अक्राळविक्राळ लांडगा, ज्याला एका नाजूक फितीने बांधून ठेवला आहे, सेक्रेटरीकाका.' त्यांनी हातातल्या फायलीची नाडी हळूच खिशात घातली.

बाबांना घाम फुटला. पण घामातही माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं. ते स्वतःचं नाव शोधू लागलं. सगळी इमारत गरुड आणि लांडगे असेल, तर घरचा माणूस निदान देवांचा राजा तरी असायला हवा, नाही का?

सातव्या गाळ्यापुढे होतं: 'अ) थॉर, आई. त्याचा हातोडा कितीही लांब फेकला तरी परत हातात येतो, तसं आईचं "मी सांगितलं होतं ना." ब) थॉरची गाडी ओढणारा बोकड, बाबा. उजव्या पायाने लंगडा. क) बोकडाचं हाड फोडणारं पोर, मी.'

"बोकड?" इन्स्पेक्टर म्हणाले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते आणि डेंटिस्ट एकाच गोष्टीला हसले.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले. आई दारातच उभी होती. "मी सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "जाळा ते पाठकोरे." हातोडा परत हातात आला.

"भिंगरी," बाबा थकल्या आवाजात म्हणाले, "एवढ्या मोठ्या पुराणात बापासाठी दुसरं काही नव्हतं? एखादा म्हातारा देव? डोंगर?"

"अहो बाबा, ते भारी बोकड आहेत! थॉर दिवसभर त्यांना गाडीला जुंपतो. रात्री भूक लागली की त्यांनाच शिजवून खातो. सकाळी हाडं कातड्यावर टाकली की ते पुन्हा उभे. पुन्हा गाडीला! रोज! खरं तर दोन असतात, पण तुम्ही एकटेच दोघांचं करता. आणि एकदा एका घरच्या पोराने चोरून हाड फोडलं, तेव्हापासून एक लंगडतो. ते पोर मी. मला सायकल शिकवताना तुम्ही पडलात ना?"

रोज शिजवून खाल्लं जाणं आणि सकाळी पुन्हा उभं राहणं, हे बाबांना आपल्या सेवापुस्तकापेक्षा अचूक वाटलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

गंमत म्हणजे सही कुणीच मागे घेतली नाही. उलट तासाभरात दारावर रीघ लागली. डेंटिस्ट म्हणाले, "अजगर चालेल, शेवटी मुळाशी जातो तो मीच. पण 'कुरतडणारा' काढून 'तपासणारा' करा." इन्स्पेक्टरांचं म्हणणं, गरुडाचा मजला ठळक अक्षरात हवा. बातमीकाकूंना खार मान्य होती, फक्त तिला नाव असतं का, असलं तर ते मोठं लिहावं. भिंगरीने जबड्याला ताण देत नाव सांगितलं. काकू ते विसरायच्या आत सगळ्यांना सांगायला धावल्या.

आता फक्त तेरावी सही राहिली होती. आणि उद्या चारला मुदत संपत होती.

बाबा जिना उतरून घड्याळजींच्या दाराशी गेले. कट, कट, कट. खोली एवढी लहान की टेबल आत आणि स्टूल निम्मं बाहेर. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"सही हवी होती. मोटारीसाठी," बाबा म्हणाले.

"मी नाही करणार."

"का हो?"

घड्याळजींनी पेचकस खाली ठेवला. "एकोणीस वर्षं राहतो मी इथे. फलकावरची यादी वाचली. दोनदा. साप आहे, लांडगा आहे, खार आहे. बोकडसुद्धा आहे, राग मानू नका. मी नाही. म्हटलं, कागदाच्या मागच्या बाजूला असेन. सेक्रेटरींकडे मूळ कागद मागून पाहिला. मागे सह्या होत्या." त्यांनी पेचकस सरळ करून ठेवला. "तिथेही नव्हतो."

सगळ्या इमारतीसमोर झालेला अपमान बाबांनी संध्याकाळभर उराशी धरला होता. आपण एकट्याने केलेला त्यांना आत्ता दिसला.

तोवर भिंगरी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरत आली होती. तिचं तोंड पहिल्यांदाच एवढंसं झालं होतं. "काका, चुकलं माझं. मी वरपासून खालपर्यंत घरं मोजली आणि..." ती अडखळली. "त्या पुराणातही असंच होतं. एका आईने आपल्या मुलाला काही होऊ नये म्हणून जगातल्या सगळ्या गोष्टींकडून शपथ घेतली. दगड, लोखंड, आग, आजार. एक बारकंसं रोप राहिलं. याला काय विचारायचं, म्हणून. त्यानेच घात झाला."

"म्हणजे मी ते रोप?" घड्याळजी म्हणाले.

"नाही हो काका! तुम्ही..." भिंगरी इकडेतिकडे पाहू लागली. भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. "यातलं एखादं चुकीचं वाजलं तर तुम्हाला कळतं?"

"झोपेतही कळतं. झोप तशी पाखराएवढीच आहे माझी." घड्याळजींनी बाबांकडे पाहिलं. "तुमचा गुडघा तिसऱ्या मजल्यापासून ऐकू येतो. डावा. आणि ती मोटार सहा वर्षं रडतेय. तिचं बेअरिंग गेलंय आणि खाली रबर नाही. ती हलवायची कशाला?"

बाबांनी स्टुलाचा कोपरा धरला. "सहा वर्षं! तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

"हाइमडाल!" भिंगरी एवढ्याने ओरडली की वरून इन्स्पेक्टरांनी वाकून पाहिलं. "देवांच्या पुलावरचा पहारेकरी! त्याला पाखरापेक्षाही कमी झोप लागते आणि गवत वाढलेलं ऐकू येतं. तो दाराशीच राहतो, काका. सगळे त्याच्यासमोरूनच वर जातात!"

घड्याळजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, पण उगाच, कारण समोर घड्याळ नव्हतं. "स्पेलिंग नीट लिहून दे," ते म्हणाले, "आणि तो सहीचा कागद आण."

शुक्रवारी बाबा तेरा सह्यांचा कागद घेऊन पाणीखात्यात गेले आणि म्हणाले, मोटार हलवायची गरज उरली नाही, अर्ज मागे घेतो. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "मागे घ्यायचा? त्यालाही सगळ्यांच्या सह्या लागतात." बाबा कागद तिथेच ठेवून निघून आले. बावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा एक कागद असा सोडला.

शनिवारी घड्याळजींनी मोटार उघडली. बेअरिंग बदललं, खाली रबराचे चार तुकडे घातले. डेंटिस्टनी दिवा धरला, इन्स्पेक्टरांनी वरून सूचना दिल्या, आणि बातमीकाकूंनी दोघांना सांगितलं की दुसरा तुमचं कौतुक करतोय.

रविवारी पहाटे पाचला मोटार सुरू झाली. बाबांना ती सुरू झालेली ऐकूच आली नाही. ते झोपले होते. खरंखुरं, तोंड उघडं टाकून.

पाच वाजून दहा मिनिटांनी दारावर थाप पडली.

बाबांनी दार उघडलं. पायजम्यातली निम्मी इमारत दाराबाहेर उभी होती. "आवाज नाही!" इन्स्पेक्टर म्हणाले. "पाणी आलं नाही का?" "मी तर दचकून जागा झालो, इतकं शांत!" डेंटिस्ट म्हणाले. जावा म्हणाल्या, आम्ही म्हटलंच होतं. आणि त्यांच्या मागून आई डोळे चोळत आली. "अहो, मला झोपच येईना. बंद पडली की काय?"

बाबा सगळ्यांना घेऊन खाली गेले. कट, कट, कट. त्यांनी एकेकाचा हात धरून मोटारीवर ठेवला. ती हलकेच थरथरत होती. जिन्याखालच्या दारात घड्याळजी उभे होते. "चालू आहे," ते म्हणाले, "मला ऐकू येतंय." त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला आणि सगळे आपापल्या अंथरुणात परत गेले.

बाबांना मात्र परत झोप येणं शक्य नव्हतं. ते टेबलाशी येऊन बसले. भिंगरीचा प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. नवी यादी कोऱ्या कागदावर, दोन्ही बाजू स्वच्छ, आणि तेराव्या ओळीत हाइमडाल ठळक अक्षरात. बाबांनी ती वरून खाली वाचली. सातव्या गाळ्याशी आल्यावर खिशातलं पेन काढलं.

'उजव्या पायाने लंगडा' मधला 'उजव्या' त्यांनी एका रेघेने खोडला. वर नीट अक्षरात लिहिलं, 'डाव्या.' आणि खाडाखोडीशेजारी, कचेरीतल्या शिस्तीने, छोटी सही केली.